कार्डाचा चोर कसा सापडतो?

बँकेचे कार्ड आता खेड्यापाड्यांतही पोचले आहे. यंत्रात कार्ड घालावे, चार आकडे दाबावेत, की नोटा बाहेर येतात. दुकानातही कार्ड चालते. सोय मोठी आहे. पण जिथे पैसा तिथे चोर आलाच. हा नवा चोर घर फोडीत नाही, की वाटेत अडवीत नाही. तो हजार कोसांवर बसून तुमच्या खात्यातले पैसे काढतो. कार्ड तुमच्याच खिशात असते आणि पैसे मात्र गेलेले असतात. अशा चोराला धरायचे तरी कसे?

हा प्रश्न अमेरिकेला आपल्या पुष्कळ आधी पडला. १९५० नंतर त्या देशात क्रेडिट कार्ड फैलावले. क्रेडिट कार्ड म्हणजे उधारीचे कार्ड. आज माल घ्यावा आणि पुढे बिल आले की बँकेचे पैसे चुकते करावेत, अशी ती रीत. कार्डे वाढली तसे चोरही वाढले. त्यांच्या मागे तिथल्या सरकारचे तपासनीस कसे लागतात, ते आम्ही इथे सांगणार आहोत.

आधी कार्डाची चोरी म्हणजे काय, ते समजून घेऊ. जुन्या कार्डाच्या पाठीवर एक काळी पट्टी असते. तिच्यात कार्डाचा नंबर, मालकाचे नाव आणि कार्डाची मुदत भरलेली असते. किल्ली चोरायची तर ती उचलून न्यावी लागत नाही. साबणाच्या वडीवर तिचा ठसा घेतला तरी पुरते. लोहार तशीच दुसरी किल्ली करून देतो. कार्डाचेही तसेच आहे. पट्टीतले आकडे एकदा मिळाले, की ते कोऱ्या कार्डावर उतरवता येतात. मालकाला पत्ताही लागत नाही. नव्या कार्डांत चिप बसवलेली असते. तिची नक्कल करणे फार अवघड. अमेरिकेत चिप उशिरा आली. २०१५ च्या सुमारास दुकानांतून तिचा वापर वाढला. तोपर्यंत काळ्या पट्टीवरच कारभार चालत असे आणि चोरांचे त्यात फावत असे.

आता दुसरी अडचण. अमेरिकेत ५० राज्ये आहेत. प्रत्येक राज्याचे कायदे वेगळे आणि प्रत्येक शहराचे पोलीस वेगळे. शहरच्या पोलिसाचा हात आपल्या हद्दीपुरता. समजा, टेक्सास राज्यातल्या एका म्हातारीचे पैसे गेले. तिची बँक न्यूयॉर्कला. नंबर चोरीला गेला फ्लोरिडातल्या दुकानातून. नंबर विकत घेणारा परदेशात, समुद्रापलीकडे. टेक्सासच्या फौजदाराने करावे तरी काय? म्हणून असली प्रकरणे मध्यवर्ती सरकारकडे जातात. सगळ्या राज्यांवर मिळून जे सरकार असते त्याला तिकडे फेडरल सरकार म्हणतात. त्याचे तपासनीस कोणत्याही राज्यात जाऊ शकतात आणि दुसऱ्या देशाच्या पोलिसांची मदत मागू शकतात.

अशी खाती तिथे एकाहून जास्त आहेत. एफबीआयचे नाव तुम्ही ऐकले असेल. ते खाते १९०८ मध्ये सुरू झाले. पण कार्डाच्या बाबतीत जास्त नाव आहे ते सीक्रेट सर्व्हिस या खात्याचे. सीक्रेट सर्व्हिस म्हणजे गुप्त सेवा. या खात्याची माणसे राष्ट्राध्यक्षाभोवती पहारा करताना दिसतात. त्यामुळे लोकांना वाटते, की यांचे काम तेवढेच. खरे म्हणजे खाते निघाले ते खोट्या नोटा पकडायला. १८६५ मध्ये अमेरिकेतले यादवी युद्ध नुकतेच संपले होते. तोवर तिथे शेकडो बँका आपापल्या नोटा छापीत असत. खरी नोट कोणती आणि खोटी कोणती, हे दुकानदाराला कळत नसे. त्या वेळी चलनातल्या नोटांपैकी निदान एक तृतीयांश नोटा खोट्या होत्या असा अंदाज सांगतात. म्हणजे तीन नोटांत एक खोटी! शेतकऱ्याने धान्य विकून आणलेला पैसा कागद ठरायचा. म्हणून त्या वर्षी ५ जुलैला हे खाते उघडले. राष्ट्राध्यक्षाच्या पहाऱ्याचे काम मागाहून आले. १९०१ मध्ये मॅकिन्ली या राष्ट्राध्यक्षाचा खून झाला, त्यानंतर. कार्डांची चोरी वाढल्यावर १९८४ मध्ये नवा कायदा झाला आणि कार्डाच्या फसवणुकीचा तपासही याच खात्याकडे सोपवला. खोटी नोट आणि खोटे कार्ड ही एका जातीची चोरी, असे धरले गेले. आम्हाला हा विचार पटतो. दोन्हींत चोर लोकांच्या विश्वासावर जगतो.

टपाल खात्याचेही स्वतःचे तपासनीस आहेत. पत्र पाठवून लोकांना फसवणे हा अमेरिकेत १८७२ पासून मध्यवर्ती सरकारचा गुन्हा आहे. हा जुना कायदा फार कामाचा ठरला. १९२० मध्ये बोस्टन शहरात चार्ल्स पाँझी नावाच्या माणसाने जाहीर केले, की पैसे माझ्याकडे ठेवा, थोड्या दिवसांत दीडपट करून देतो. लोकांची रीघ लागली. पहिल्यांना त्याने खरोखरच दीडपट दिले. पण ते कुठून? मागून आलेल्यांच्या पैशातून! धंदा असा काही नव्हताच. नवे पैसे येणे थांबले तेव्हा डोलारा कोसळला. त्याने लोकांना पत्रे पाठवली होती. त्या पत्रांवरूनच त्याला टपालातून फसवणूक केल्याबद्दल पाच वर्षांची कैद झाली. आपल्याकडे दामदुपटीची योजना घेऊन येणारे पाहुणे दिसतात ना, त्यांचा हा आजा.

असो. कार्डाकडे वळू. आता जी हकिगत सांगतो ती खरी आहे आणि कोर्टात शाबीत झालेली आहे.

२००३ च्या जुलै महिन्यात एका रात्री न्यूयॉर्क शहरात साध्या वेशातला एक पोलीस मोटार चोरांच्या मागावर होता. त्याला एक तरुण दिसला. लांब केस, नाकात कडी. रात्रीचे बारा वाजत आले होते. तो तरुण एटीएमच्या खोलीत शिरला. त्याने एक कार्ड घातले, पैसे काढले. मग दुसरे कार्ड, मग तिसरे. पोलिसाला संशय आला. एका माणसाजवळ इतकी कार्डे कशाला? आणि वेळ तरी बाराचीच का? त्याचे कारण असे, की एका कार्डावर एका दिवशी किती पैसे काढायचे याला मर्यादा असते. बारा वाजले की दिवस बदलतो. बाराच्या आधी एकदा आणि बारानंतर एकदा, असे दोन दिवसांचे पैसे दहा मिनिटांत निघतात. पोलिसाने त्याला हटकले. डोक्यावरचे केस खोटे निघाले, टोप होता तो. कार्डेही खोटीच.

त्याचे नाव अल्बर्ट गोन्झालेझ. वय अवघे बाविशीच्या आसपास. आईबाप क्यूबाहून अमेरिकेत आलेले, कष्टकरी. मुलगा संगणकात मोठा हुशार. सीक्रेट सर्व्हिसच्या लोकांनी त्याची चौकशी केली. त्यांना कळले, की चोरलेल्या कार्डांचा चक्क एक बाजार भरतो. तो बाजार जमिनीवर नव्हता, तारेवर होता. शॅडोक्रू असे त्याचे नाव. सुमारे चार हजार सभासद. कोणी चोरलेले नंबर विकी, कोणी कोरी कार्डे विकी, तर कोणी खोटे ओळखपत्र करून देई. एकमेकांची तोंडे त्यांनी पाहिली नव्हती. सगळा व्यवहार टोपणनावाने. पंधरा लाखांच्या वर कार्डांचे नंबर त्या बाजारातून फिरले.

आता अशा बाजारात पोलीस शिरणार कसा? तिथे अनोळखी माणसावर विश्वास कोण ठेवील? म्हणून तपासनीसांनी गोन्झालेझलाच आपला खबऱ्या केले. तो त्या बाजारात वजनदार होता. चोरांचे बोलणे जिथून जाते ती वाट त्याने सरकारच्या हाती आणून दिली. कित्येक महिने तपासनीस गुपचूप वाचीत राहिले. कोण काय विकतो, कोण कुठे राहतो, हे टिपीत राहिले. घाई केली नाही. एकाला धरले असते तर बाकीचे पळाले असते.

२६ ऑक्टोबर २००४ हा दिवस ठरला. गोन्झालेझला वॉशिंग्टनला सीक्रेट सर्व्हिसच्या कचेरीत बसवले. त्याने त्या रात्री चोरांना तारेवरच्या बैठकीला बोलावले. सगळे आपापल्या घरी संगणकापुढे येऊन बसले. रात्री नऊ वाजता दारांवर थापा पडल्या, काही दारे तर फोडावी लागली. मध्यरात्रीपर्यंत अमेरिकेची आठ राज्ये आणि इतर सहा देश मिळून २८ माणसे पकडली गेली. बहुतेक जण संगणकाजवळच सापडले. त्यामुळे पुरावाही तिथल्या तिथे मिळाला. संगणक बंद करायला किंवा आतले पुसून टाकायला त्यांना उसंतच मिळाली नाही.

इथे ही गोष्ट संपली असती तर किती बरे झाले असते! पण खबऱ्याचे पुढे काय झाले ते ऐका. सीक्रेट सर्व्हिसने त्याला कामावर ठेवले. वर्षाला सुमारे ७५ हजार डॉलर त्याला मिळत, असे पुढे उघड झाले. तो मायामी शहरी राहायला गेला. दिवसा सरकारला सल्ला देई आणि रात्री आपल्या साथीदारांना घेऊन पुन्हा तोच धंदा करी. या वेळी त्याने एकेका माणसाचे कार्ड चोरले नाही. थेट दुकानांच्या वहीलाच हात घातला.

ती युक्ती अशी. मोठ्या दुकानात गल्ल्यावरून कार्डाचे नंबर हवेतून, बिनतारी यंत्राने आतल्या संगणकाकडे जात. दुकानाबाहेर रस्त्यावर मोटार उभी करून, मांडीवर संगणक घेऊन बसले तरी ते बोलणे ऐकू येई. जसे शेजारच्या घरात मोठ्याने बोलले की भिंतीपलीकडे ऐकू येते. कुलूप होते, पण ते कच्चे होते. तिथून शिरून चोर कंपनीच्या मुख्य संगणकापर्यंत पोचले. टीजेएक्स नावाच्या एका मोठ्या कंपनीची हजारो दुकाने आहेत. तिने २००७ मध्ये चोरी जाहीर केली. निदान ४ कोटी ५६ लाख कार्डांचे नंबर गेले होते. पुढे हार्टलँड या कंपनीची पाळी आली. ती स्वतः दुकान चालवीत नव्हती. दुकानदारांचे कार्डावरचे पैसे बँकेकडून आणून देण्याचे काम करी. म्हणजे लाखो दुकानांचे पाणी जिथून वाहते तो पाटच चोरांनी फोडला. तिथून गेले सुमारे १३ कोटी नंबर.

आता विचाराल, चोरी झाली हे कळते कसे? कार्ड तर कोणाचेच हरवत नाही. त्याची रीत आपल्या ओळखीची आहे. गावात एकदम दहा घरी जुलाब लागले तर आपण पहिल्यांदा काय विचारतो? पाणी कोणत्या विहिरीचे? बँका तेच करतात. ज्या ज्या कार्डांवर चोरी झाली त्यांचा मागचा हिशेब काढतात. ही सगळी कार्डे पूर्वी कुठे कुठे वापरली गेली होती? सगळी जर एकाच दुकानातून किंवा एकाच कंपनीकडून गेली असतील, तर ती विहीर सापडली. हार्टलँडच्या बाबतीतही कार्ड कंपन्यांनीच आधी इशारा दिला, मग कंपनीने शोध घेतला. म्हणून ज्याचे शंभर रुपये गेले त्याची तक्रारही महत्त्वाची. त्या एका तक्रारीने चोर सापडत नाही. पण दहा तक्रारी एका ठिकाणी ठेवल्या, की विहीर दिसते. अमेरिकेत २००० पासून एफबीआयच्या मदतीने अशा तक्रारी एका ठिकाणी घेण्याचे केंद्र चालते. २०२४ या एका वर्षात तिथे ८ लाख ५९ हजारांवर तक्रारी आल्या आणि लोकांनी सांगितलेला तोटा १,६०० कोटी डॉलरच्या वर होता. हा आकडा वाचून आम्ही दोनदा चष्मा पुसला.

तर विहीर सापडली. पण विष टाकणारा कोण? तो धागा तुर्कस्तानात मिळाला. चोरलेले नंबर विकणारा एक मोठा व्यापारी युक्रेन देशाचा होता. २००७ मध्ये तो तुर्कस्तानात आला असताना तिथल्या पोलिसांनी त्याला अटक केली. त्याच्या संगणकात त्याचे आणि माल पुरवणाऱ्याचे बोलणे साठवलेले होते. पुरवणाऱ्याचे नाव नव्हते. पण त्याने खाते उघडताना एक जुने टोपणनाव वापरले होते. सीक्रेट सर्व्हिसच्या माणसांनी ते पाहिले आणि ते चाटच पडले. ते टोपणनाव त्यांच्या ओळखीचे होते. त्यांच्याच खबऱ्याचे!

२००८ च्या मे महिन्यात गोन्झालेझला मायामीच्या एका हॉटेलात पकडले. पुढे त्याने आईबापांच्या परसात पुरलेले पैसे दाखवले. ते ११ लाख डॉलर होते. तारेवरून चोरी करणाऱ्या इतक्या हुशार माणसाने पैसा शेवटी लपवला तो मातीत, हंड्यात मोहरा पुरणाऱ्यांसारखा. २०१० च्या मार्चमध्ये बोस्टनच्या कोर्टाने त्याला वीस वर्षांची शिक्षा दिली. संगणकावरच्या चोरीबद्दल अमेरिकेत तोवर कोणालाही इतकी मोठी शिक्षा झाली नव्हती.

खबऱ्याशिवाय असा तपास चालत नाही, हे आम्हाला कबूल आहे. आपल्याकडच्या फौजदारालाही खबरे लागतातच. पण चोराला खबऱ्या करणे वेगळे आणि त्याला मोकळा सोडून पगार देणे वेगळे. त्याच्यावर नजर ठेवायला दुसरा माणूस हवा होता. तो नव्हता आणि त्याचा भुर्दंड कोट्यवधी कार्डवाल्यांना पडला.

कोट्यवधी कार्डवाल्यांना, असे आम्ही म्हटले. पण खरे बुडाले कोणाचे? इथे अमेरिकेतला एक कायदा सांगण्याजोगा आहे. १९७० मध्ये त्या देशाने ठरवले, की क्रेडिट कार्ड दुसऱ्याने चोरून वापरले तर मालकाच्या डोक्यावर जास्तीत जास्त ५० डॉलर. बाकीचा तोटा बँकेने सोसायचा. जे कार्ड थेट आपल्या खात्यातून पैसे काढते, त्याला १९७८ चा वेगळा कायदा आहे. तिथे वेळ महत्त्वाची. कार्ड हरवल्याचे कळल्यापासून दोन दिवसांत बँकेला सांगितले तर ५० डॉलरपर्यंत. उशीर केला तर ५०० डॉलरपर्यंत. खात्याचा उतारा हाती येऊन ६० दिवस गेले तरी बोलला नाहीत, तर त्यानंतरचे सगळे तुमचे गेले. आपल्या रिझर्व्ह बँकेनेही २०१७ मध्ये अशाच वळणाचा नियम केला. चूक बँकेचीही नाही आणि गिऱ्हाइकाचीही नाही, अशा चोरीत तीन कामाच्या दिवसांत कळवणाऱ्या गिऱ्हाइकावर तोटा टाकायचा नाही, असे त्यात ठरले. अमेरिकेच्या त्या कायद्याचा एक मोठा फायदा झाला. तोटा बँकेच्या गळ्यात बांधल्यामुळे बँका रात्रंदिवस जाग्या राहू लागल्या. रोज गावातल्या दुकानात चालणारे कार्ड एकदम परदेशात चालले, की बँक ते थांबवते आणि मालकाला विचारते.

बँकांवर आणखीही एक जबाबदारी आहे. १९७० च्याच दुसऱ्या एका कायद्याने दहा हजार डॉलरच्या वर रोख रक्कम आली किंवा गेली तर बँकेला सरकारला कळवावे लागते. व्यवहार संशयाचा वाटला तरीही कळवावे लागते. चोराला नंबर चोरून भागत नाही, त्याचे पैसे करावे लागतात. आणि पैसा हलला की कुठेतरी त्याची नोंद होते. तपासनीस बहुतेक वेळा त्या नोंदीच्या मागे जातात.

या सगळ्याचा आपल्या मुलखाशी संबंध काय, असे कोणी म्हणेल. संबंध आहे आणि तो सांगताना मान खाली जाते. ऑक्टोबर २०१६ मध्ये ठाणे पोलिसांनी मीरा रोडला काही कचेऱ्यांवर रात्री छापा घातला. आत शेकडो तरुण मुले-मुली टेलिफोनवर बोलत बसली होती. ती फोन करीत होती अमेरिकेतल्या लोकांना. "आम्ही कर खात्यातून बोलतो. तुमचा कर थकला आहे. आत्ता भरला नाहीत तर पोलीस दारात येतील." घाबरलेला माणूस विचारी, "मग काय करू?" उत्तर येई, "दुकानात जा, पैसे भरलेले कार्ड विकत घ्या आणि त्याच्यावरचा नंबर वाचून दाखवा." नंबर वाचला की पैसे गेले. फसणाऱ्यांत म्हातारी माणसे पुष्कळ असत, आणि नुकतेच त्या देशात जाऊन राहिलेले आपलेच लोकही.

त्याच महिन्यात अमेरिकेच्या सरकारने टेक्सासमधल्या ह्यूस्टनच्या कोर्टात अशाच एका टोळीवर खटला भरला. त्यात अहमदाबादच्या पाच कचेऱ्या आणि ५६ माणसे होती. फसलेले लोक पंधरा हजारांच्या वर. फोन करणारे भारतात, पण कार्डांचे पैसे करणारे हस्तक अमेरिकेतच होते. तपासनीसांनी आधी त्यांना उचलले, कारण ते हाताशी होते आणि पैसा त्यांच्याच हातून हलत होता. २०१८ च्या जुलैमध्ये वीसहून जास्त जणांना शिक्षा झाल्या. मोठ्यात मोठी वीस वर्षांची.

भारतातले आरोपी त्या वेळी कोर्टापुढे आलेले नव्हते. त्यांतला अहमदाबादचा एक कारभारी सप्टेंबर २०१८ मध्ये विमानाने सिंगापूरला गेला. त्याला वाटले असेल, आता कोण विचारतो! अमेरिकेने सिंगापूरच्या सरकारला आधीच कळवले होते. उतरल्यावर त्याला तिथेच अटक झाली. २०१९ च्या एप्रिलमध्ये त्याला अमेरिकेच्या हवाली केले आणि २०२० च्या नोव्हेंबरमध्ये ह्यूस्टनच्या कोर्टाने त्यालाही वीस वर्षांची कैद दिली. शिवाय फसलेल्या लोकांना सुमारे ९० लाख डॉलर परत देण्याचा हुकूम केला.